कापलेला कोपरा

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, जिथे औषधांचा वास संपतो आणि धुण्याच्या सोड्याचा सुरू होतो, तिथे पालिकेचं धुलाईघर आहे. एक लांबट खोली. एका टोकाला कढत पाण्याची टाकी, मध्ये धुण्याची यंत्रं आणि खिडकीकडच्या टोकाला घड्या घालायचं टेबल. त्या टेबलाशी कातरमावशींचं अर्धं आयुष्य गेलं.

त्यांचा नवरा ह्याच धुलाईघरात यंत्रावर होता. तो तडकाफडकी गेला तेव्हा मुलगा अजून रांगत होता. त्या वेळच्या साहेबांनी विचारलं, "बाई, काम काय येतं तुम्हाला?"

"घरातलं येतं."

"मग चादरींच्या घड्या घाला," साहेब म्हणाले आणि प्रश्न मिटला.

कातरमावशी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गळ्यात दोरीला अडकवलेली कात्री असायची म्हणून धुलाईघरातल्या बायकांनी ते पाडलेलं. मुकादम म्हणायचे, "डॉक्टरांच्या गळ्यात नळी, आमच्या मावशींच्या गळ्यात कात्री. दोघांचंही पेशंटावर लक्ष." मावशींचे पेशंट म्हणजे जुन्या चादरी.

इस्पितळात कापड एका जन्मात सुटत नाही. नवी चादर आधी खाटेवर जाते. धुऊन धुऊन विरली की भांडारात जाते. भांडारवाला ती दिव्यासमोर धरून बघतो आणि निकामी ठरली की तिचा एक कोपरा कापून टाकतो. कोपरा कापला म्हणजे कापड कंडम. ते पुन्हा खाटेवर जायचं नाही. धुलाईघरातल्या अर्ध्या बायकांना लिहितावाचता येत नव्हतं, तेव्हापासूनची ही खूण. कापलेला कोपरा अंधारातसुद्धा बोटाला कळतो. अशी चादर मावशींच्या टेबलावर आली की मावशी तिची दुपटी करायच्या. कात्रीने नुसती सुरुवात करून द्यायची, पुढे दोन्ही हातांनी सरळ रेषेत टर्रकन फाडायचं आणि कडा दुमडून शिवायच्या. बाळंतिणींच्या कक्षात जन्मलेलं प्रत्येक मूल आधी मावशींच्या दुपट्यात गुंडाळलं जायचं, मग आईच्या कुशीत. नव्या कापडाला खळ असते, ती कोवळ्या कातडीला टोचते. जुन्याचीच दुपटी चांगली.

प्रत्येक दुपट्याची शेवटची घडी घालताना मावशी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायच्या. कुणाला दाखवायला नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. जग बघायच्या आधी लेकराला जे कापड लागतं, त्यावर एखादा चांगला शब्द असावा.

पुढे इस्पितळासमोरच्या मैदानावर स्टेडियम उठायला लागलं आणि धुलाईघराचं गणित बिघडलं.

एका दिवसात नाही बिघडलं. आधी कपडे वाळवायच्या यंत्राचं लांबलं. ते मंजूर झालेलं होतं, मुकादमांनी जागासुद्धा धुऊन ठेवली होती. मग वरून निरोप आला, पुढच्या वर्षी बघू. स्टेडियमची प्रेक्षकांची बाजू उंच चढत गेली तशी तिची सावली धुलाईघराच्या गच्चीवरच्या दोऱ्यांवर पडायला लागली. दुपार कलली की ऊन गायब. चादरी ओलसर उतरवाव्या लागत. मग नव्या चादरींची खरेदी थांबली. नव्या येईनात म्हणून भांडारवाला जुन्या कंडम करीना. दिव्यासमोर धरायचा, पलीकडचं सगळं स्वच्छ दिसायचं, तरी म्हणायचा, "अजून एक वर्ष काढेल." चादरीवर ठिगळ, ठिगळावर ठिगळ. आणि जुन्या चादरी सुटेनात म्हणून दुपटी होईनात.

बाळंतिणींच्या कक्षाच्या सिस्टर रोज दारात येऊन उभ्या राहायच्या.

"मावशी, आज तरी?"

"आडातच नाही सिस्टर, तर पोहऱ्यात कुठून आणू?"

"काल एका बाईने स्वतःची ओढणी दिली हो बाळ गुंडाळायला. दुसरीकडे तीही नव्हती. मी उशीच्या अभ्र्यात घातलं पोराला. पोतं भरल्यासारखं."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत न जेवता मावशी वरच्या कार्यालयात गेल्या. खुर्चीवरच्या माणसाने वर न बघता सांगितलं, "कळवतो." त्यानंतरही त्या दोनचारदा जाऊन आल्या. दर वेळी तेच, "कळवतो म्हटलं ना."

घरीही स्टेडियमच. मुलगा तिथे खुर्च्यांना रंग द्यायच्या कामावर होता. संध्याकाळी आला की कानाच्या पाळीपासून नखांपर्यंत निळा. सून म्हणायची, "ह्यांना दोरीवर वाळत घातलं तरी चालेल."

"निळा दिसतो ना, तोच रंग घरात चूल पेटवतो," मुलगा म्हणायचा. "आई, तू उगाच त्या स्टेडियमच्या नावाने बोटं मोडतेस. वर्षभर घरी बसलो होतो मी. कुणी विचारलं होतं?"

"मी कुठे बोटं मोडते? चांगलं बांधलंय. मी आपली ऊन मागते."

"ऊन पण आता पालिकेने द्यायचं का?"

"अडवलंय त्यांनीच ना?" सून मध्येच म्हणाली, आणि मुलगा हसला. हसला की तो थेट बापासारखा दिसायचा. मावशींना त्याच्या कामाचा रागही नव्हता. पोराला खेळाचं वेड होतं. भिंतीवर बॉल मारून मारून त्याने घराचे पोपडे पाडलेले होते. मैदान नसावं असं कुठल्या आईला वाटेल? फक्त एका ताटात वाढायचं म्हणून दुसऱ्याचं ताट ओढून घेऊ नये, एवढंच त्यांना वाटायचं. ते कुणाला सांगणार?

स्टेडियमचे टॉवेल, पडदे असलं काही लागलं तर ते धुवायलाही ह्याच धुलाईघरात येऊ लागलं, कारण तिथली यंत्रं आली होती पण चालू झाली नव्हती. उद्घाटन जवळ आलं. मुकादमांच्या घरी लग्न निघालं आणि ते रजेवर गेले. ते असते तर पुढचं काही घडलंच नसतं.

त्या सकाळी मावशी टेबलाशी आल्या तर टेबलावर पांढऱ्या कापडाचा डोंगर. धुऊन, पिळून, वाळून आलेला. हात लावला तर लोणी. एवढं मोठं कापड त्यांनी आयुष्यात हाताळलं नव्हतं. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोळत होतं.

"हे गं कुठलं?" त्यांनी यंत्रावरच्या बाईला विचारलं.

"वरून आलंय. मऊ होईपर्यंत धुवा, असं सांगितलंय."

"कशासाठी ते?"

"ते नाही सांगितलं. वरचे कधी सांगतात?"

मऊ होईपर्यंत. मावशींनी सवयीने कडेवरून बोट फिरवलं. एक कोपरा, दुसरा, तिसरा. चौथा नव्हता. चौथा कोपरा कात्रीने नीट कापून घेतलेला होता.

कापड जुनं नव्हतं, हे मावशींना कळत होतं. पण कोपरा कापलेला होता, खळ काढून मऊ करायला सांगितलेलं होतं आणि त्या स्वतः वरच्या पायऱ्या झिजवून आल्या होत्या. "कळवतो" म्हणाले होते. हेच कळवणं असेल. मावशींचे डोळे भरून आले. एवढी वर्षं घडीघडीला ज्याचं नाव घेतलं, त्याने एकदम पदर भरून दिलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी हात जोडले, डोळे पुसले आणि गळ्यातली कात्री काढली.

टर्रकन पहिली रेघ गेली तसं सगळं धुलाईघर वळून बघायला लागलं. मग काय, ज्यांचे हात रिकामे होते त्या सगळ्या टेबलाशी आल्या. कुणी धरलं, कुणी फाडलं, कुणी शिवायच्या यंत्रावर बसली. दुपारी सिस्टर आल्या तर टेबलावर दुपट्यांच्या थप्प्या.

"मावशी! दरोडा घातलात की काय?"

"वरून आलंय," मावशी म्हणाल्या. आणि ते त्यांनी दोन्ही अर्थांनी म्हटलं.

दोन दिवस बाळंतिणींच्या कक्षात थाट होता. ओलं झालं की बदला, हवं तेवढं आहे. तिसऱ्या दिवशी मुकादम रजेवरून आले आणि त्यांच्या पाठोपाठ क्रीडाविभागाचे साहेब. साहेब तरुण होते, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. उद्घाटनाच्या धावपळीत झोप नसावी.

"आमचा पडदा तयार आहे ना? उद्या लागणार."

"कुठला पडदा?" मुकादमांनी विचारलं.

"पांढरा. मोठा. स्टेडियमच्या दर्शनी भिंतीवर सोडायचाय. पाहुणे दोरी ओढतील, पडदा खाली येईल, भिंतीवरची नावाची अक्षरं दिसतील. दुकानातून कडक आला होता, नीट पडत नव्हता. म्हणून मऊ करायला पाठवला."

यंत्रं चालू राहिली, बायकांचे हात थांबले. मावशी पुढे झाल्या.

"साहेब, त्याचा कोपरा कापलेला होता."

"हो, नमुन्याला कापून घेतला होता आम्ही. साहेब लोकांना पोत दाखवायला. मग?"

"आमच्यात कोपरा कापला म्हणजे कापड कंडम. मी त्याची दुपटी केली."

"काय केलं?"

"दुपटी. बाळांची."

साहेब आधी मुकादमांकडे बघत राहिले. मुकादमांनी मान हलवून रीत खरी असल्याचं सांगितलं. मग साहेब जे तापले ते तापलेच. सरकारी मालाची नासधूस, निलंबन, चौकशी, पेन्शन विसरा. मावशींची नोकरी संपायला फार दिवस उरले नव्हते. घराला जे काही कायमचं होतं, ते तेवढी पेन्शनच. मुलाचं रंगाचं काम उद्घाटनाबरोबर संपणार होतं.

बोलून बोलून साहेब दमले आणि स्टुलावर बसले. मुकादमांनी पाणी दिलं. पाणी पिऊन ते वेगळ्या आवाजात म्हणाले, "हे बघा बाई. मलाही वर जाब द्यायचाय. रात्रीतून सगळे तुकडे गोळा करा. शिंपी बसवतो, परत जोडून घेऊ. लांबून शिवण दिसत नाही. पडदा उद्या भिंतीवर गेला तर मी हे विसरलो. नाही गेला तर मला तक्रारीचा कागद करावाच लागेल. माझी नोकरी तुमच्यासाठी नाही घालवणार मी."

तो माणूस काही वाईट नव्हता. तोड काढत होता.

मावशी सिस्टरांबरोबर कक्षात गेल्या. कपाटात कोरी दुपटी होती ती काढून घेतली. ती फार थोडी भरली. बाकीची खाटाखाटांवर होती. काही घरी गेलेल्या बाळांबरोबर गेली होती, ती आता कुणाच्या दारात जाऊन मागणार? एका खाटेवर कालच बाळंत झालेली बाई टेकून बसली होती. कुशीतलं पोर पांढऱ्या दुपट्यात, नुसतं नाक बाहेर. मावशींना हातात थप्पी घेऊन उभं बघून तिने विचारलं, "बदलायचंय का मावशी? कोरडं आहे अजून."

"नाही गं," मावशी म्हणाल्या. "असू दे."

त्या परत आल्या आणि कपाटातली थप्पी टेबलावर ठेवली.

"एवढीच?" साहेब म्हणाले.

"एवढीच कोरी होती. बाकीची अंगावर आहेत."

"मग काढून आणा!"

"अंगावरचं मी काढणार नाही साहेब. चूक माझी आहे, माझ्यावर कागद करा. लेकरांनी काय केलंय? त्यांना येऊन दोन दिवस झालेत."

मुकादमांनी खाली मान घातली. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"आणि भिंत?" ते म्हणाले. "भिंतीवर काय सोडू, माझं डोकं?"

मावशी विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "अक्षरं केवढी आहेत हो? भिंत सगळी कशाला झाकायची? झाकायचं तेवढं अक्षरांनाच झाका. ठिगळाच्या चादरी जोडून देते. इस्पितळाचा शिक्का आत घालते. उद्घाटन झालं की तेवढ्या माझ्या मला परत द्या. खाटांवर लागतात."

दुसरा काही उपाय नव्हता. मावशी आणि मुकादम मिळून चादरी जोडायला बसले. मुकादम शिवता शिवता म्हणाले, "मावशी, आपल्या घरातलं लग्न लावून आलो, इथे येऊन ठिगळं लावतोय."

"लग्नात तरी वेगळं काय असतं," मावशी म्हणाल्या.

घरी जाऊन सांगितलं तर मुलगा ताडकन उठला. "आई, अगं ज्यांच्याकडे मी पुढचं काम मागणार होतो, त्यांच्याच पडद्याला कात्री?"

"मुद्दाम लावली का मी?"

"देवाला विचारून तरी फाडायचंस!"

"देवाने दिलं असं वाटलं म्हणूनच फाडलं," मावशी म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. त्यांना झोप आली नाही. देवाने दिलं असं आपण समजलो, आणि ते कुणाचं तरी दुसऱ्याचं निघालं. मग आपले आभार कुठे गेले? की आपण समजलो तेच चुकीचं? त्यांनी देवाला एवढंच सांगितलं की पेन्शन ठेव, बाकी तुझं तू बघ. सून उठून आली आणि त्यांचे पाय चेपत बसली.

उद्घाटनाला सगळा गाव लोटला. मावशी धुलाईघराच्या गच्चीवरून बघत होत्या. बँड वाजला, भाषणं झाली. पाहुण्यांनी दोरी ओढली. चादरी सुटल्या, पण सरळ खाली आल्या नाहीत. वाऱ्याने उलट्या झाल्या आणि त्यांचं एक टोक खांबाला अडकून आतली बाजू सगळ्यांसमोर पसरली. त्यावर ठसठशीत निळा शिक्का. प्रसूतिकक्ष.

गर्दीतून आधी खसखस पिकली, मग हशा. पाहुणे वयस्कर होते, स्वतः जुने खेळाडू. त्यांनी चष्मा लावून शिक्क्यावरची अक्षरं वाचली आणि माइकवर म्हणाले, "म्हणजे बाळंतपण सुखरूप झालं म्हणायचं!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. क्रीडाविभागाचे साहेब सगळ्यांबरोबर हसले. न हसून करतात काय? पाहुण्यांनी तर आवर्जून विचारलं, कल्पना कुणाची म्हणून. साहेब म्हणाले, "आमच्या विभागाची."

एकदा कल्पना विभागाची ठरल्यावर तिच्याबद्दल कुणाला निलंबित कसं करणार? कागद झाला नाही. पण राग राहिला. पुढच्या आठवड्यात मावशींची बदली झाली. स्टेडियमच्या धुलाईत, टॉवेलांच्या घड्या घालायला. इस्पितळातून उचलून समोर नेऊन ठेवलं. बाळंतिणींच्या कक्षाला आता त्यांच्या घड्या नकोत, असा त्याचा अर्थ होता.

निरोप घेताना सिस्टर रडल्या. मावशी म्हणाल्या, "रडताय काय, रस्ता ओलांडला की मी आहेच."

स्टेडियमची धुलाई बघून मात्र त्या हरखल्या. लख्ख फरशी, आणि भिंतीशी कपडे वाळवायची दोन यंत्रं. त्यांनी एकाचं झाकण उघडून आत हात घातला. मुकादमांनी ज्याच्यासाठी जागा धुऊन ठेवली होती ते हेच. सामना असला की टॉवेलांचे ढीग, एरवी शुकशुकाट. यंत्रं झोपलेली, मावशी बसलेल्या. "पगार बसायचा आणि काम बघायचं," असं त्या घरी सांगायच्या. मुलाला साहेबांनी काम दिलं नाही. तो दुसरीकडे, शाळेच्या इमारतीच्या रंगावर लागला. आता पिवळा येतो. सून म्हणते, निळाच बरा दिसत होता.

हंगाम संपला. टॉवेल फार फाटलेले नव्हते, पण पांढरेपणा गेलेला. पुढच्या हंगामाला नवे येणार असं ठरलेलंच होतं. खेळाडूंना पिवळट टॉवेल द्यायचे नाहीत, असा नियम. साहेब पाहणीला आले तेव्हा टॉवेल एका कोपऱ्यात रचलेले होते.

"ह्यांचं काय करायचं साहेब?" मावशींनी विचारलं.

"काय करायचं म्हणजे? निकाली काढा."

"इथे भांडारवाला नाही. कंडम कोण करणार? कोपरा कोणी कापायचा?"

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या गळ्यातल्या कात्रीकडे पाहिलं. पडदा त्यांना आठवला असणार.

"तुम्हीच कापा," ते टोमणा मारून म्हणाले. "नाहीतरी तुम्हाला विचारून कापायची सवय कुठे आहे?"

बरोबर आलेला कारकून हसला. साहेब पुढच्या खोलीकडे वळले.

"आज विचारलंय साहेब," मावशी त्यांच्या पाठीला म्हणाल्या. "सगळ्यांच्या देखत विचारलंय. कापू ना?"

साहेब दारात थांबले. वळले नाहीत. "कापा म्हटलं ना," ते म्हणाले आणि गेले.

मावशी खाली बसल्या. पहिला टॉवेल मांडीवर घेतला, बोटाने कोपरा चाचपला आणि कात्री चालवली. मग दुसरा. मग वाळवायचं यंत्र सुरू करून त्यात टॉवेल टाकले, गरम आणि मऊ होईपर्यंत फिरू दिले. बसून राहिलेलं यंत्र घरघरायला लागलं. बाहेर काढलेल्या प्रत्येकाची घडी घालताना त्यांनी देवाचं नाव घेतलं. ह्या वेळी आभार मानले नाहीत. आधी पोचू देत, मग बघू, असं ठरवलं.

गाठोडं बांधून, डोक्यावर घेऊन त्या रस्ता ओलांडायला उभ्या राहिल्या.